मतदारसंघांच्या सीमा आणि आपले कर्तव्य

(शिंपी समाजाच्या वार्षिक संमेलनात छत्रपती संभाजीनगर येथे दिलेले भाषण)



विवाह, शिक्षण आणि वसतिगृह या आपल्या नित्याच्या विषयांबरोबर एक वेगळा विषय मांडण्याची अनुज्ञा कार्यकारी मंडळाने मला दिली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. विषय मतदारसंघांचा आहे. निवडणूक जवळ आली म्हणजे आपल्या सभेपुढे एक ठराव ठेवला जातो. आपल्या समाजास अमुक इतक्या जागांवर उमेदवारी मिळावी, असे त्यात म्हटलेले असते. ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतो, त्याच्या प्रती सर्व पक्षांकडे रवाना होतात आणि पुढील निवडणुकीपर्यंत त्याची कोणास आठवणही राहत नाही. त्या ठरावामागील भावना मी जाणतो. ज्यांची घरे एका गावात दोन, दुसऱ्या गावात चार अशी विखुरलेली आहेत, त्यांचे गाऱ्हाणे ऐकावयास कोणी असावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु ज्या मतदारसंघात आपण उमेदवारी मागतो, तो कोणी आखला, कोणत्या मापाने आखला, पूर्वी तो कसा होता आणि पुढे कसा होणार आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. माप घेतल्यावाचून कापडाला कातर लावू नये, ही आपल्या व्यवसायाची पहिली शिकवण. ती राजकारणातही लागू पडते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

मतदारसंघ म्हणजे काय? राज्यकारभारात भाग घेण्यासाठी सर्वांना एका ठिकाणी जमणे शक्य नसते. म्हणून देशाचे भाग पाडावयाचे आणि प्रत्येक भागाने एक प्रतिनिधी पाठवावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. हे भाग कसे पाडावयाचे, यावर प्रत्येक मताची किंमत ठरते. ज्या इंग्लंडकडून ही पद्धत आपण घेतली, तेथेही पूर्वी मोठा अनर्थ माजला होता. ओल्ड सॅरम नावाची एक ओसाड टेकडी होती. एके काळी तेथे नगर होते, पुढे वस्ती उठून गेली. परंतु पार्लमेंटात तिचे दोन सभासद जातच राहिले. त्याच वेळी मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहरास स्वतःचा एकही सभासद नव्हता. आपल्या दौलताबादेच्या किल्ल्याला, पूर्वी तेथे राजधानी होती म्हणून, आज दोन आमदार द्यावेत आणि वाळूज-चिकलठाण्याच्या कामगारांना एकही देऊ नये, तसाच हा प्रकार होय. 1832 च्या कायद्याने इंग्लंडने हा दोष बऱ्याच अंशी दूर केला. अमेरिकेत याहून निराळा रोग उत्पन्न झाला. 1812 साली मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या कारकिर्दीत आपल्या पक्षास लाभ व्हावा म्हणून एक मतदारसंघ इतका वेडावाकडा आखला गेला की, वृत्तपत्रांनी त्याची तुलना सॅलॅमँडर नावाच्या प्राण्याशी केली. पहिल्या उदाहरणात सीमा न बदलल्यामुळे अन्याय झाला, तर दुसऱ्यात त्या लबाडीने बदलल्यामुळे झाला. सीमा बदलल्याच पाहिजेत, पण त्या निःपक्षपाती हातांनी बदलल्या पाहिजेत, हा धडा या दोन उदाहरणांतून मिळतो.

आता आपल्या देशाकडे वळू. इंग्रजी अमलाखालील हिंदुस्थानात प्रतिनिधित्वाचा पाया केवळ प्रदेश हा नव्हता. 1909 च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांस स्वतंत्र मतदारसंघ दिले. 1919 च्या मॉण्टफर्ड सुधारणांनुसार मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी 7 जागा राखून ठेवल्या गेल्या. ऑगस्ट 1932 मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांचा जातीय निवाडा प्रसिद्ध झाला आणि त्यात अस्पृश्य वर्गासही स्वतंत्र मतदारसंघ देण्यात आले. महात्मा गांधींनी येरवडा येथे उपोषण आरंभिले आणि 24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करार झाला. त्या करारान्वये स्वतंत्र मतदारसंघ रद्द होऊन संयुक्त मतदारसंघात राखीव जागा देण्यात आल्या. प्रांतिक कायदेमंडळांतील त्यांची संख्या मूळच्या 71 वरून 148 वर गेली. 'स्वतंत्र' आणि 'संयुक्त' या दोन शब्दांतील भेद तरुण मंडळींनी नीट समजून घ्यावा. स्वतंत्र मतदारसंघात एका जमातीचे लोक आपल्याच जमातीच्या उमेदवारास मते देतात. संयुक्त मतदारसंघात उमेदवार विशिष्ट जमातीचा असला तरी मते सर्वांची असतात.

आपला मराठवाडा त्या काळी निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि इलाख्यातील या घडामोडींपासून दूर होता. येथे प्रजेस मताचा अधिकार असा नव्हताच म्हटले तरी चालेल. 1937 साली निझाम सरकारने अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली आणि 1939 साली काही सुधारणा जाहीर केल्या. त्यांची कल्पना मोठी चमत्कारिक होती. गावे किंवा तालुके यांनी प्रतिनिधी पाठवावयाचे नव्हते, तर जहागीरदार, शेतकरी, व्यापारी, वकील, वैद्य, पदवीधर अशा हितसंबंधांनी ते पाठवावयाचे होते. आणि इतके करूनही मंत्रिमंडळ त्या सभेस जबाबदार नव्हतेच. अंतिम सत्ता निझामाच्या हातीच राहणार होती. बंधूंनो, एखाद्या धंद्याने किंवा एखाद्या जातीने आपला प्रतिनिधी परस्पर पाठवावा, ही कल्पना आज आपल्यातील काहींना गोड वाटते. ती आपल्याच भूमीवर, एका अनियंत्रित सत्तेने, लोकसत्ता टाळण्यासाठी पुढे केली होती, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद मुक्त झाले आणि 26 जानेवारी 1950 रोजी राज्यघटना अमलात आली. घटनेने मतदाराचा सारा विचारच बदलून टाकला. अनुच्छेद 325 सांगतो की, प्रत्येक प्रादेशिक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदार-यादी राहील. धर्म, वंश, जात किंवा लिंग एवढ्याच कारणावरून कोणीही तिच्यातून वगळला जाणार नाही आणि यांपैकी कशाच्याही आधारे कोणास निराळ्या यादीत घालता येणार नाही. एकवीस वर्षांच्या प्रत्येक स्त्री-पुरुषास मत मिळाले. पुढे 1989 पासून हे वय अठरावर आले. ज्या मराठवाड्यात काल सुभेदाराच्या कचेरीत अर्ज घेऊन ताटकळत उभे राहावे लागे, तेथील शेतमजूर आणि जहागीरदार यांचे मत एका किमतीचे झाले. स्वातंत्र्याने आपणांस पुष्कळ काही दिले. परंतु याहून मोठी देणगी कोणती, हे मला तरी सांगता येणार नाही.

1951-52 साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. लोकसभेच्या 489 जागांसाठी 401 मतदारसंघ होते. जागा अधिक आणि मतदारसंघ कमी, हे ऐकून नवल वाटेल. याचे कारण असे की, 314 मतदारसंघ एकसदस्य होते, 86 द्विसदस्य होते आणि बंगालमधील एका मतदारसंघातून तिघे निवडावयाचे होते. हैदराबाद राज्याच्या विधानसभेचीही तीच रीत होती: 175 जागा आणि 142 मतदारसंघ, त्यांतील 33 द्विसदस्य. मराठवाड्यात लोकसभेसाठी औरंगाबाद, अंबड, परभणी, नांदेड, भीर आणि उस्मानाबाद असे सहा मतदारसंघ होते. परंतु नांदेड द्विसदस्य असल्यामुळे खासदार सात निवडले गेले. आज अंबड हे लोकसभेच्या मतदारसंघाचे नाव होते, हे फारच थोड्यांस आठवत असेल. 1957 साली त्या जागी जालना हे नाव आले. त्याच वर्षी मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ औरंगाबाद मतदारसंघातून लोकसभेवर गेले. 1952 साली ते गुलबर्ग्यातून निवडून आले होते; दरम्यान 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य तीन दिशांस वाटले गेले होते आणि गुलबर्गा कन्नडभाषकांच्या राज्यात गेला होता. राज्याच्या सीमा हलल्या म्हणजे मतदारसंघ तर हलतातच, पण पुढाऱ्यांनाही आपले घर नव्याने शोधावे लागते.

द्विसदस्य मतदारसंघाविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण आपल्या समाजापुढील प्रश्नाचा गाभा तेथे आहे. त्या मतदारसंघात एक जागा अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी राखीव असे. मतदारास दोन मते असत, मात्र दोन्ही मते एकाच उमेदवारास देता येत नसत. हेतू असा की, सर्व मतदारांनी मिळून दोन्ही प्रकारचे प्रतिनिधी निवडावेत. परंतु अनुभव निराळाच आला. 1952 साली मुंबई उत्तर या द्विसदस्य मतदारसंघात राखीव जागेसाठी घटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः उभे होते, आणि तेथे नारायणराव काजरोळकर निवडून आले. ज्यांनी या शहरास मिलिंद महाविद्यालय दिले, त्या थोर पुरुषाचीही संयुक्त मतदारसंघात ही गत व्हावी, याची चुटपूट आजही लागते. विखुरलेल्या समाजाचा खरा पुढारी बहुसंख्यांच्या मतांपुढे मागे पडू शकतो, हा बाबासाहेबांनी पूर्वीपासून दाखविलेला धोका त्यांच्याच वाट्यास आला. उलट 1957 साली आंध्रातील पार्वतीपुरम् येथे दोन्ही जागांवर अनुसूचित जमातीचेच उमेदवार अधिक मतांनी निवडून आले आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. राखीव जागेचा उमेदवार सर्वसाधारण जागेसही पात्र असतो, असा निर्णय न्यायालयाने 1959 साली दिला. अखेर 1961 साली कायदा होऊन द्विसदस्य मतदारसंघ बंद झाले.

1962 पासून एक मतदारसंघ, एक प्रतिनिधी हा नियम झाला. नांदेड एकसदस्य झाला आणि लातूर हा नवा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव म्हणून अस्तित्वात आला. राखीव जागाही एका ठिकाणी कायमच्या खिळलेल्या नसतात, हे याच लातूरवरून दिसते. 1977 साली लातूर सर्वसाधारण झाला आणि उस्मानाबाद राखीव झाला. 2009 साली पुन्हा उस्मानाबाद सर्वसाधारण आणि लातूर राखीव झाला.

आपल्या राज्याचा आकडाही वेळोवेळी बदलत गेला. द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत 396 जागा होत्या. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा त्यांतील 264 आपल्या वाट्यास आल्या. त्या 1967 साली 270 झाल्या आणि 1978 साली 288. लोकसभेच्या जागा 1962 साली 44, 1967 साली 45 आणि 1977 साली 48 झाल्या. त्याच फेररचनेत हिंगोली हा नवा मतदारसंघ निघाला आणि मराठवाड्याचे खासदार सातांचे आठ झाले. ज्या नरसी गावाशी आपल्या संतशिरोमणी नामदेवमहाराजांचे नाव जोडलेले आहे, ते गाव याच हिंगोलीच्या परिसरातील. हिंगोली मतदारसंघ 1977 साली झाला, पण हिंगोली जिल्हा व्हावयास 1999 साल उजाडले. मतदारसंघाची रेषा आणि जिल्ह्याची रेषा या दोन निराळ्या रेषा आहेत, हे त्यावरून कळते.

ही फेरआखणी करतो कोण? पहिल्या निवडणुकीपूर्वी ती राष्ट्रपतींच्या आदेशाने झाली. त्यानंतर संसदेने प्रत्येक वेळी स्वतंत्र कायदा करून परिसीमन आयोग नेमला. असे कायदे 1952, 1962, 1972 आणि 2002 साली झाले. आयोगावर सर्वोच्च न्यायालयाचे विद्यमान वा निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष असतात. 2002 साली नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, बोलतात, सूचना करतात. परंतु त्यांना मत देण्याचा किंवा निर्णयावर सही करण्याचा अधिकार नसतो. ज्याला अंगरखा घालावयाचा आहे त्याच्याच हाती कातर देऊ नये, असा हा विचार आहे. अमेरिकेत गेरीच्या काळी जे घडले, ते आपल्याकडे त्या प्रमाणात घडले नाही, याचे श्रेय या व्यवस्थेस दिले पाहिजे.

परंतु दुसरा दोष, म्हणजे ओल्ड सॅरमचा दोष, आपल्याकडे आला. 1976 साली 42 व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या 1971 च्या जनगणनेवर गोठविली. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनापासून राबविले, त्यांच्या जागा त्याच कारणाने कमी होऊ नयेत, हा त्यामागील उद्देश होता आणि तो गैर म्हणता येणार नाही. ही मुदत प्रथम 2000 सालापर्यंत होती. 2001 च्या 84 व्या दुरुस्तीने ती, 2026 नंतर होणाऱ्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढविली. 2003 च्या 87 व्या दुरुस्तीने एवढी मोकळीक दिली की, राज्याच्या एकूण जागा त्याच ठेवून, आतील सीमा 2001 च्या लोकसंख्येप्रमाणे पुन्हा आखाव्यात.

या गोठविण्याचा परिणाम आपल्या शहरावरून समजून घेता येईल. 1971 साली या शहराची वस्ती दीड लाखाच्या आसपास होती. पुढे सिडकोच्या वसाहती उठल्या, चिकलठाणा आणि वाळूज येथे कारखाने उभे राहिले, जायकवाडीच्या नाथसागराखाली गेलेल्या गावांतील लोक ठिकठिकाणी पांगले, आणि खेड्यांतील आपल्या समाजाची कित्येक कुटुंबे शिलाईयंत्र घेऊन शहरात आली. 2001 साली महानगरपालिकेच्या हद्दीत 8,73,311 लोक राहत होते. एवढे मोठे स्थित्यंतर झाले तरी 1977 पासून 2008 पर्यंत मतदारसंघांच्या रेषा हलल्या नाहीत. मूल वाढून तरुण झाले, पण अंगात बाळपणाची बंडी तीच. शिवण उसवणार नाही तर काय होणार?

19 फेब्रुवारी 2008 पासून नवी रचना लागू झाली. तीत थोडा न्याय झाला. विदर्भाच्या जागा 66 वरून 62 झाल्या, ठाणे जिल्ह्याच्या मात्र 13 वरून 24. मराठवाड्याच्या 46 राहिल्या. आपल्या जिल्ह्यात फुलंब्री आणि औरंगाबाद मध्य हे मतदारसंघ नव्याने आले, आणि औरंगाबाद पश्चिम अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. आज जिल्ह्यात विधानसभेचे नऊ मतदारसंघ आहेत: सिल्लोड, कन्नड, फुलंब्री, औरंगाबाद मध्य, औरंगाबाद पश्चिम, औरंगाबाद पूर्व, पैठण, गंगापूर आणि वैजापूर. सोयगाव तालुका सिल्लोडला जोडलेला आहे, तर खुलताबाद गंगापूरला. यांतील सहा औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात येतात. सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण हे तीन मात्र जालना लोकसभेत आहेत. म्हणजे पैठणच्या आपल्या बांधवाचा जिल्हाधिकारी येथे आणि खासदार जालन्याचा. हिंगोली लोकसभेत यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड आहे. उस्मानाबाद लोकसभेत सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आहे. लोकसंख्येचे माप जुळवावयाचे म्हणजे असे जोड द्यावेच लागतात.

नावाविषयीही एक गोष्ट सांगतो. 2023 साली या शहराचे व जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. तरीही 2024 च्या लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका 'औरंगाबाद' याच नावाच्या मतदारसंघांतून लढविल्या गेल्या. पुष्कळांना वाटले की ही सरकारी ढिलाई. तसे नव्हे. मतदारसंघाचे नाव 2008 च्या आदेशात लिहिलेले होते आणि त्या आदेशास कायद्याचे बळ आहे. जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून मतदारसंघाचे नाव आपोआप बदलत नाही.

आता थोडा हिशेब. 2001 साली आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 28,97,013 होती. नऊ आमदारांत विभागली तर दर आमदारामागे सुमारे 3,22,000 माणसे होतात. राज्याची सरासरी तेव्हा सुमारे 3,36,000 होती, म्हणजे माप बरे जुळले होते. परंतु 2011 च्या जनगणनेत जिल्हा 37,01,282 वर गेला आणि दर आमदारामागे सुमारे 4,11,000 माणसे आली. त्याच वर्षी सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 8,49,651 होती. तेथे आमदार तीन, म्हणजे दर आमदारामागे सुमारे 2,83,000. आपल्याकडील तिघांच्या मताचे वजन जवळजवळ तेथील दोघांच्या मताइतके झाले. यात सिंधुदुर्गच्या बांधवांचा काही दोष नाही; तेथील तरुण पोटासाठी बाहेर गेले आणि येथे बाहेरचे आले, इतकेच. लोकसभेचे पाहावे तर 1971 साली महाराष्ट्रात एका खासदारामागे साडेदहा लाख माणसे होती, 2011 साली 23 लाख 41 हजार झाली. आरंभी घटनेने साडेसात लाखांमागे निदान एक खासदार असावा असे म्हटले होते! आज औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात नुसते मतदारच वीस लाखांहून अधिक आहेत. एवढ्या माणसांत एका खेड्यातील दोन घरांचे गाऱ्हाणे ऐकू जाणे कठीण, हे उघड आहे. आणि हे गाऱ्हाणे केवळ शिंप्यांचे नव्हे, ते त्या खेड्यातील सर्वांचे आहे.

पुढे काय होणार? जनगणनेसाठी 1 मार्च 2027 हा संदर्भ दिनांक 16 जून 2025 च्या अधिसूचनेने ठरविण्यात आला. या मोजणीत जातींचीही नोंद करावयाचे ठरले. लोकसभेत व विधानसभांत स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागा राखण्याची 106 वी घटनादुरुस्ती 2023 साली झाली. जनगणना आणि त्यानंतरची फेररचना यांच्याशी ती जोडलेली होती. म्हणून आज येथे बसलेल्या भगिनींचाही या रेषांशी निकटचा संबंध आहे.

काही तरुण मित्र मला म्हणतात, "गुरुजी, जातींची नोंद होऊ द्या, मग आपल्या आकड्याच्या बळावर आपण मतदारसंघ मागू." त्यांच्या उत्साहाचे मला कौतुक आहे, पण विचाराशी मी सहमत नाही. प्रथम, विधानसभेत व लोकसभेत जातींसाठी राखीव जागा केवळ अनुसूचित जाती-जमातींना आहेत. आपण इतर मागासवर्गात मोडतो. आपल्यासाठी आरक्षण आहे ते ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका यांसारख्या स्थानिक संस्थांत. तेथेही ते प्रभाग बदलत फिरते. दुसरे असे की, परिसीमनाचा कायदा मतदारसंघ आखताना काय पाहावे ते स्पष्ट सांगतो: प्रदेश सलग असावा, डोंगर-नद्या पाहाव्यात, तालुका-जिल्ह्याच्या हद्दी पाहाव्यात, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. आपल्या जातीचा आकडा यात कोठेच नाही, आणि नसावा हेच योग्य. कारण ज्या दिवशी जातीच्या आकड्यावर मतदारसंघ आखले जातील, त्या दिवशी सर्वांत लहान समाजाच्या हाती सर्वांत लहान तुकडा येईल. एका गावात दोन घरे असणाऱ्यांनी आकड्याच्या खेळात उतरू नये. त्यांचे बळ शेजाऱ्यांत आहे. गावातल्या साऱ्यांचे कपडे आपण शिवतो. कोणाचे अंगमाप आपल्या वहीत नाही? तोच विश्वास मतदारसंघात मिळविला तर जातीचा आकडा लहान असूनही माणूस निवडून येतो.

मग करावयाचे काय? केवळ उमेदवारी मागणाऱ्या ठरावाऐवजी मी तीन कामे सुचवितो.

पहिले काम मतदार-यादीचे. प्रत्येक शाखेने आपल्या गावची यादी वाचावी. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची नावे माहेरीच राहतात, पुण्यास गेलेला मुलगा दोन्हीकडे नसतो, वारलेल्यांची नावे तशीच असतात. नवे नाव घालण्यास नमुना 6, वगळण्यास नमुना 7, दुरुस्तीस वा पत्ता बदलण्यास नमुना 8, असे अर्ज आहेत. आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी सुटीत एवढे केले तरी फार झाले. मात्र ते साऱ्या आळीसाठी करावे, केवळ आपल्या घरांपुरते नव्हे.

दुसरे काम नकाशाचे. प्रत्येक शाखेच्या जागेत आपल्या विधानसभा मतदारसंघाचा नकाशा आणि त्यातील गावांची यादी भिंतीवर लावावी. कोणत्या गावाचा बाजार कोठे भरतो, तहसील कोठे, दवाखाना कोठे, पावसाळ्यात कोणता ओढा वाट अडवतो, याची टिपणे ठेवावीत. वर्ग शिकविताना मी नेहमी म्हणत असे की, ज्याला आपल्या तालुक्याचा नकाशा काढता येत नाही त्याने जगाच्या नकाशाची घाई करू नये.

तिसरे काम हरकतींचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. आयोग आपला मसुदा राजपत्रात व वृत्तपत्रांत प्रसिद्ध करतो, हरकती व सूचना मागवितो आणि जाहीर सुनावण्या घेतो. ती वेळ थोडी असते. एकदा अंतिम आदेश निघाला म्हणजे त्यास कायद्याचे बळ येते. 1966 साली उज्जैनकडील मेघराज कोठारी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश न्यायालयात आव्हानित करता येत नाही असे सांगितले. 2024 साली त्याच न्यायालयाने, आदेश उघडउघड मनमानी व घटनाबाह्य असेल तर त्यास तपासता येईल, असे म्हटले खरे. परंतु सामान्य गाऱ्हाण्यासाठी ते दार उघडले असे समजू नये. शिंप्याकडे कपडा बेतण्यापूर्वी बोलावे. कातर चालल्यावर "बाही थोडी लांब हवी होती" म्हणून उपयोग नसतो. आपण माया ठेवतो म्हणून थोडेफार सोडता तरी येते. या आदेशात तेवढीही माया नसते. पुढील तीस वर्षे तोच अंगरखा अंगावर वागवावा लागतो.

आणि हरकत लिहावयाची ती "आमच्या समाजाची मते फुटतात" अशी नव्हे. "आमच्या गावाचा बाजार, तहसील आणि रस्ता या बाजूस असता आम्हांस त्या बाजूस टाकले आहे" अशी लिहावी. तिच्यावर गावातील सर्व जातीधर्मांच्या मंडळींच्या सह्या घ्याव्यात. असा कागद आयोगास वाचावा लागतो, कारण तो कायद्याच्या भाषेत बोलतो. आणि त्या सह्या गोळा करताना जो ऋणानुबंध जुळेल, तो पुढे कोणत्याही उमेदवारीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

नामदेवमहाराज नरसीच्या परिसरातून पंढरीस गेले आणि तेथून पंजाबात घुमानपर्यंत पोहोचले. त्यांना मान मिळाला तो त्यांची ज्ञाती मोठी होती म्हणून नव्हे; जेथे गेले तेथील लोकांचे ते झाले म्हणून. त्यांचे नाव सांगणाऱ्या समाजाने एवढे तरी त्यांच्यापासून घ्यावे. मी सुचविलेल्या तीन कामांसाठी कार्यकारी मंडळाने प्रत्येक तालुक्यातून दोघे-दोघे नेमावेत, अशी माझी नम्र विनंती आहे. माझ्याच्याने होईल तेवढे यादीवाचनाचे काम मी स्वतः करीन.



जय हिंद! जय महाराष्ट्र!